तीन नंबरच्या बेंचवरची हाक

ठाण्यातल्या एका तंत्रनिकेतनाच्या मशीन हॉलमधलं तीन नंबरचं बेंच गेल्या मंगळवारी दुपारी उखडण्यात आलं. हॉलचा वीजपुरवठा त्याच्या आदल्या आठवड्यात तोडला होता. बेंचवर एक मोटर, तिला जोडलेला एक जनरेटर आणि मागे दिव्यांचा लाकडी बोर्ड होता. हे सगळं भंगारात गेलं. त्या जागी नवी प्रयोगशाळा होणार असल्याचं दारावर चिकटवलेल्या कागदात म्हटलं आहे.

मी तिथे होते. इलेक्ट्रोमेकॅनिकलच्या डिप्लोमाला असताना माझं बेंच तेच होतं.

निरोप गणेशने दिला. तो माझ्या वर्गातला, टिटवाळ्याचा. आता त्याच हॉलमध्ये शिकवतो. रविवारी सकाळी त्याचा फोन आला. मी वर्तमानपत्रात काम करते, म्हणून तो मला पेपरवाली म्हणतो.

"काय पेपरवाली, ऐक. आपलं मशीन निघतंय. मंगळवारी."

"निघतंय म्हणजे?"

"म्हणजे भंगारात, अजून काय. येणार असशील तर ये. नंतर बोंब मारू नकोस, सांगितलं नाही म्हणून."

"मी येऊन काय करू रे तिथे?"

"काही नको करूस. उभी राहा. चहा पाजतो."

मंगळवारी मी डोंबिवलीहून निघाले आणि ठाणे स्टेशनपासून चालत गेले. फाटकाजवळचं बदामाचं झाड आहे. त्याच्याखाली सायकली लावायचा लोखंडी दांडा होता, तो नाही. कॅन्टीनच्या जागी बंद शटर आहे. हॉलचं दार मात्र तेच, खाली घासणारं, अर्धं उघडून अंग तिरकं करून आत जायचं दार. आत वास तोच होता. तापून थंड झालेल्या व्हार्निशचा, तांब्याचा, ग्रीसचा आणि कार्बन ब्रशच्या काळ्या भुकटीचा. ही भुकटी नखांत जायची आणि रविवारपर्यंत टिकायची. आई म्हणायची, कोळशाच्या वखारीत जातेस की कॉलेजात?

हॉल लांबट होता, वर पत्रा. उंचावर जाळीच्या खिडक्या, त्यांतून दुपारी उन्हाच्या पट्ट्या तिरक्या उतरायच्या आणि त्यांत ती काळी भुकटी तरंगताना दिसायची. एका भिंतीला सगळ्या बेंचांचे स्विच होते, ओळीने. त्याला पॅनेल म्हणायचे. मशीन या भिंतीला, पॅनेल त्या भिंतीला. म्हणून प्रत्येक प्रयोगाला दोघं लागायचे. एक मशीनपाशी, एक पॅनेलपाशी. मशीनपाशी असलेल्याला तार बदलायची असेल तर तो ओरडून विचारायचा, "बंद?" पॅनेलपाशी असलेला स्विच खाली ओढायचा आणि ओरडून सांगायचा, "बंद." मग हात. त्याआधी नाही.

आमच्या आधीच्या कुठल्याशा वर्षी एका बेंचवरचं उत्तर दुसऱ्या बेंचवरच्या मुलाने आपलं समजून हात घातला, असं सांगितलं जायचं. त्याच्या हाताचं काय झालं याबद्दल दोन-तीन हकिकती होत्या. हॉल सांभाळणाऱ्या पेडणेकर सरांनी त्यांतली एकही खरी म्हणून सांगितली नाही आणि एकही खोडून काढली नाही. त्यांनी फक्त पद्धत बदलली. प्रत्येकाला एक नाव. हाक नावाने मारायची, आणि ज्याचं नाव घेतलं जाईल त्यानेच उत्तर द्यायचं. दुसऱ्याने नाही, कुठल्याही कारणाने नाही.

पाळण्यातली नावं उपयोगाची नव्हती. एका वर्गात गणेश दोन, प्रसाद तीन. म्हणून सर पहिल्या दिवशी हॉलच्या दारात उभे राहून प्रत्येकाला विचारायचे, "कुठून येतोस?" जे उत्तर येईल ते त्या मुलाचं हॉलमधलं नाव. एका गावचे दोघं असले तर नंतर आलेल्याने आपली आळी सांगायची. मी आधी पोचले म्हणून मी डोंबिवली झाले. माझ्या मागून आलेला आयरे झाला, त्याच्या मागचा नांदिवली. गणेश टिटवाळा. त्याचा जोडीदार वर्तकनगर. वर्तकनगर कॉलेजपासून सगळ्यांत जवळ राहायचा आणि रोज सगळ्यांत उशिरा यायचा.

"काय रे वर्तकनगर, गाडी लेट होती का?" टिटवाळा विचारायचा.

"चालत येतो मी."

"मग पाय लेट होते."

प्रॅक्टिकलच्या दुपारी हॉलमधून गावांची नावं ऐकू यायची. वर्तकनगर, बंद? बंद. नांदिवली, चालू? चालू. बाहेरून जाणारे थांबून ऐकायचे. एकदा कॉलेजात कसलासा दाखला न्यायला आलेल्या एका बाईंनी दारातून डोकावून विचारलं होतं, इथे बसचं तिकीट मिळतं का?

वर्गात मुली दोन. मी आणि सुजाता. सुजाता शहाडहून यायची.

तीन नंबरचं बेंच आम्हा दोघींना मिळालं. आमचे ॲप्रन मुलांच्या मापाचे होते, खाकी, बाह्या तीनदा दुमडाव्या लागायच्या. सुजाताच्या खिशात टेस्टर असायचा, केसांच्या पिना असायच्या आणि आवळासुपारी असायची. मशीन चालू झालं की ती एक तुकडा तोंडात टाकायची आणि एक माझ्यापुढे धरायची. तांब्याच्या वासात मिसळलेली आवळ्याची आंबट चव हे माझ्या लेखी त्या अभ्यासक्रमाचं पहिलं वर्ष.

मोटर सुरू करायचा एक दांडा होता. तो हळूहळू, एकेका पितळी बटणावरून पुढे सरकवायचा. घाई केली तर मशीन गचका देऊन थांबायचं. पूर्ण पुढे गेला की चुंबक त्याला धरून ठेवायचा, आणि पलीकडे स्विच ओढला की दांडा आपोआप सुटून मागे यायचा. खट्. तो आवाज ऐकला की समजायचं, शहाडने हात चालवला. पण मशीन लगेच थांबायचं नाही. आपल्याच वेगात फिरत राहायचं आणि तेवढा वेळ मागच्या बोर्डावरचे दिवेही जळत राहायचे. पांढरे, मग पिवळे, मग नुसती लाल तार. तार विझेपर्यंत थांबायचं, असा नियम होता. सुजाता पॅनेलपाशी उभी राहून ती लाल तार पाहायची. तिला तेवढंच आवडतं, असं तिने एकदा सांगितलं होतं.

"मला पण," मी म्हटलं होतं.

"तुला काय आवडतं गं डोंबिवली? तुझं अर्धं लक्ष कॅन्टीनच्या वड्यांकडे."

"मग तू बघ दिवे, मी खाते."

"जा ना. दार अडकतं तिथे. वडा खाऊन आलीस तर आत शिरता यायचं नाही."

ती मशीनबरोबर गुणगुणायची. मशीन ज्या सुरात फिरायचं तोच सूर. दिवे वाढवले की मशीनवर ओझं यायचं, सूर किंचित खाली उतरायचा आणि तिचाही उतरायचा. पेडणेकर सर मागून जाताना एकदा थांबले. "मीटर बघा, गाणं नको," म्हणाले. दोन पावलं गेल्यावर वळून विचारलं, "किती उतरला?" सुजाताने सांगितलं. सरांनी मीटर पाहिला. तेवढंच होतं. ते पुढे गेले.

थंडीत हॉलचा पत्रा सकाळी गार पडायचा. प्रयोग संपला की आम्ही मोटरच्या लोखंडावर तळवे टेकवायचो. ते ऊबदार असायचं, ताज्या भाकरीच्या तव्याच्या कडेइतकं. घरी जायची वेळ झाली तरी ती ऊब उतरलेली नसायची. पोरं चिडवायची, तीन नंबरवर शेकोटी पेटली बघा. आम्ही हात काढायचो नाही.

शहाडला मी एकदाच गेले, भोगीच्या दिवशी. दुसऱ्या वर्षी. तिचं घर चाळीतलं, नदीच्या बाजूला. तिच्या आईने तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि सगळ्या शेंगा-वांग्यांची मिसळीची भाजी वाढली. "हीच का डोंबिवली?" तिने विचारलं. घरातही माझं हेच नाव होतं. जेवून आम्ही नदीपर्यंत चालत गेलो. उल्हास नदी तेव्हा आटलेली होती, कडेला जलपर्णी, मधे पाण्याची पट्टी. पलीकडून कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. सुजाता थांबली आणि पाण्यावरून ओरडली, "बंद!" पलीकडची हाक थांबली. आम्ही हसत पळालो.

तिसऱ्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली आणि सुजाता आली नाही.

पहिला आठवडा ती आजारी आहे असं धरलं. तिचा फोन लागत नव्हता. दुसऱ्या आठवड्यात वर्गात तीन गोष्टी सांगितल्या जाऊ लागल्या. लग्न ठरलं. वडिलांची बदली झाली. देशावरच्या एका कॉलेजात नाव घातलं. या तिन्हींपैकी एकीलाही तेव्हा दुजोरा मिळाला नाही, नंतरही नाही. मी शहाडला गेले. चाळीतल्या त्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "गावाला गेलीत सगळी." कुठल्या गावाला, ते त्यांना ठाऊक नव्हतं. दारापुढची तुळस नेलेली होती. कुंडीचा गोल डाग जमिनीवर दिसत होता.

तिचा ॲप्रन हॉलच्या खुंटीवर होता. खिशात टेस्टर, पिना, आवळासुपारीची पुडी.

त्या आठवड्याच्या प्रॅक्टिकलला मी तीन नंबरच्या बेंचपुढच्या स्टुलावर बसले. समोर, हॉलच्या पलीकडे, आमच्या स्विचपाशी कुणी नव्हतं. स्विच खालीच होता, हे बसल्या जागेवरून दिसत होतं. सगळीकडून नावं ओरडली जात होती. नांदिवली, बंद? बंद. पेडणेकर सर आले.

"उत्तर आलं?"

"नाही सर."

"हात कुठे आहेत?"

"मांडीवर."

"बरोबर," ते म्हणाले आणि त्यांनी पलीकडच्या स्विचकडे पाहिलं. मग म्हणाले, "आयरे-नांदिवलीच्या बेंचवर जा. आकडे उतरव."

मी गेले. बेंचवर तिसऱ्या माणसाला नाव लागत नाही. त्याला कुणी हाक मारत नाही आणि त्याने कुणाला मारायची नसते. त्यांनी आकडे सांगायचे, मी उतरवायचे. मुलं वाईट नव्हती. आयरे माझ्यासाठी स्टूल आणून ठेवायचा. नांदिवली डबा पुढे करायचा. हिवाळाभर हेच चाललं. दुपारी त्यांचं मशीन थांबलं की दोघं लगेच बाहेर पळायचे, क्रिकेट होतं. त्यांच्या मोटरच्या लोखंडावर मी एकदा तळवे टेकवले. ऊब तशीच होती. मी हात काढून घेतले.

तीन नंबरवर धूळ साचली. दिव्यांच्या बोर्डावरचे दोन दिवे कुणीतरी काढून दुसऱ्या बेंचला लावले. मी तो सबंध काळ बंद पडलेल्या मशीनकडे पाठ करून बसायचे, आणि तरीही एखादा दांडा खट् करून सुटला की मान तिकडे वळायची.

शेवटची प्रॅक्टिकल परीक्षा एप्रिलमध्ये झाली. परीक्षेला तिसरा माणूस चालत नाही, जोडीच लागते. वर्तकनगरला कावीळ झाली होती, म्हणून सरांनी माझी जोडी टिटवाळ्याशी लावली. बेंच चिठ्ठी टाकून मिळायचं. आम्हाला तीन नंबर आलं.

परीक्षक बाहेरचे होते, चेक्सचा शर्ट, हातात रुमाल. हॉल तापला होता. आम्ही मशीन सुरू केलं, दिवे लावले, आकडे घेतले. मग परीक्षक म्हणाले, आता मीटर बदला आणि दुसरा भाग करून दाखवा. मीटर बदलायचा म्हणजे तार सोडवायची. पास-नापास याच भागावर होतं.

मी मशीनपाशी होते. पॅनेलकडे तोंड करून विचारलं, "शहाड, बंद?"

दांडा खट् करून मागे आला. दिवे पिवळे झाले, लाल झाले, विझले. मशीन थांबलं. टिटवाळा स्विचवर हात ठेवून उभा होता. स्विच खाली होता. त्याने उत्तर दिलं नाही.

मी काय म्हटलं हे मला तोवर कळलेलं नव्हतं. मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. "शहाड, बंद?"

टिटवाळा माझ्याकडे पाहत होता.

"अहो बाई," परीक्षक म्हणाले, "तो मुलगा समोर उभा आहे, स्विच खाली केलेला दिसतोय. हात लावा ना. वेळ जातोय."

"उत्तर नाही आलं सर."

"कसलं उत्तर?"

पेडणेकर सर दारापाशी होते. शेजारच्या बेंचवरचे आवाज थांबले होते. सगळा हॉल आमच्याकडे पाहत होता, आणि त्या शांततेत मला माझीच हाक पुन्हा ऐकू आली. मी हात पाठीमागे घेतले. "टिटवाळा," मी म्हटलं, "बंद?"

"बंद!" तो इतक्या जोरात ओरडला की पत्र्यावरची कबुतरं उडाली.

मी तार सोडवली. मीटर बदलला. परीक्षकांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि पुढच्या बेंचकडे गेले. आम्ही दोघंही पास झालो.

बाहेर बदामाच्या झाडाखाली गणेश भेटला. "सॉरी हां," तो म्हणाला. "पण मी शहाड नाही गं."

"माहितीये."

"सरांनी तिथेच नापास केलं असतं मला, तिच्या नावावर उत्तर दिलं असतं तर."

"माहितीये रे."

"मग तोंड का असं?"

"ऊन लागतंय."

त्याने पिशवी खांद्यावर टाकली, "येतो," म्हणाला आणि गेला. त्या दिवसानंतर मी हॉलमध्ये पाऊल ठेवलं नव्हतं. निकालाच्या दिवशी सुजाताचा ॲप्रन खुंटीवर नव्हता, असं आयरेने सांगितलं. तो कुणी नेला, हे समजलं नाही. पेडणेकर सर काही वर्षांपूर्वी गेले. वर्गाचा मोबाइलवरचा ग्रुप आहे. त्यात सगळे आहेत, नांदिवली दुबईतून रोज सकाळी फुलांचा फोटो पाठवतो. सुजाताचा नंबर कुणाकडे नाही.

मंगळवारी हॉलमध्ये भंगाराच्या कंत्राटदाराची माणसं होती, पहारी आणि साखळ्या घेऊन. पहिली दोन बेंचं आधीच निघाली होती. जमिनीवर त्यांचे चौकोनी डाग होते. खुंट्या भिंतीत होत्या. गणेश एका खोक्यावर बसून चहा ढवळत होता. केस पांढरे झाले आहेत, आवाज तेवढाच मोठा आहे.

"आलीस? मला वाटलं बातमी बनवून घरीच बसशील."

"याची कसली बातमी."

"नवीन लॅबमध्ये ओरडावं लागत नाही. जरा काही झालं की सगळं आपोआप बंद. पोरं एकमेकांचं नावसुद्धा घेत नाहीत. वर्ष संपलं तरी शेजारचा कुठून येतो ते माहीत नसतं." त्याने कप खाली ठेवला. "चांगलंच आहे तसं. कुणाला शॉक नको बसायला."

"हो."

"शेवटची तार तू सोडव. मी सांगून ठेवलंय यांना."

कंत्राटदाराच्या माणसाने पाना माझ्या हातात दिला. तीन नंबरच्या मोटरवर धुळीचा जाड थर होता. दांडा मागे होता. पितळी बटणं काळी पडली होती. बोर्डावर एक दिवा उरला होता. मी तारेच्या टोकाजवळ गेले आणि मागे वळून पाहिलं. गणेश खोक्यावर नव्हता. तो हॉल ओलांडून पॅनेलपाशी जाऊन उभा राहिला होता, तीन नंबरच्या स्विचसमोर.

"साहेब, लाईन कापलीय कधीच," माणूस म्हणाला. "मीटरपण काढून नेलाय. बिनधास्त लावा हात, मॅडम."

"एक मिनिट थांबा," गणेशने पलीकडून सांगितलं.

माणूस थांबला. त्याच्या सोबत्याने पहार भिंतीला टेकवली. जाळीतून उन्हाची पट्टी माझ्या आणि पॅनेलच्या मधे पडली होती, तिच्यात भुकटी तरंगत होती. बाहेर टेम्पो मागे घेत असल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

मी पॅनेलकडे तोंड केलं.

"शहाड, बंद?"

गणेशने स्विचवर हात ठेवला. तो खालीच होता.

"बंद," तो म्हणाला.

मी हात लावला. लोखंड गार होतं.